पिस्ता रंगाखालचा नंबर

अक्काच्या दुकानाला पाटी नाही. दाराबाहेर तिची स्कूटर उभी असते, तीच पाटी. फिक्कट पिस्ता रंग, हँडलच्या कपाळावर गोल दिवा, मागे दोन्ही बाजूंना फुगवलेले गाल, आणि चकाकी अशी की त्यात बघून भांग पाडावा. माणूस कितीही घाईत असो, दुकानावरून जाताना त्याची मान वळते. अक्काची पाठ असली तरी तिला ते कळतं. मग ती स्प्रे गन खाली न ठेवता ओरडते, "बघायला फुकट आहे, हात लावू नका!"

अक्का रंगारी आहे. आमच्या गॅरेजांच्या गल्लीत जुन्या स्कूटर रंगवणारी एकटी बाई. मी या गल्लीची संघटना चालवतो. मोर्चे काढतो, निवेदनं देतो, वेळ पडली तर रस्त्यात बसतो. खरं सांगायचं तर जुन्या स्कूटरचं हे वेड माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. मला गाडी म्हणजे चाकं आणि त्यावर चालणारी पोटं. चकचकीत दुकानातले पोरगेले साहेब या स्कूटरला टेकून फोटो काढायचे तेव्हा माझं डोकं सणकायचं. एकदा तसं बोललो तर अक्कानं मला समोरच्या नव्या गाडीपाशी नेलं. तिलाही गोल दिवा, तिचेही गाल फुगलेले, कंपनीनं मुद्दाम जुनी ढब दिलेली.

"टिचकी मारा, नेते."

मी मारली. प्लास्टिकनं टक् केलं आणि संपलं.

"आता माझीला मारा."

टण्ण. पत्रा वाजला आणि वाजत राहिला. "तो मुखवटा आहे, हा चेहरा आहे," अक्का म्हणाली. "हिच्यावर बसलं की माणूस ताठ बसतो. वाकून, दात-ओठ खात नाही चालवावं लागत. खुर्चीत बसल्यासारखं जायचं, गुडघे जवळ, पाय फळीवर. कारकून असो नाहीतर मोठा साहेब, हिच्यावर सगळे ऐटदार दिसतात. ते काय उगाच बघतात लोक?"

तिचं बोलणं असंच. नाकावर माशी बसू देणार नाही. दुसऱ्याच्या कामात बोटभर सुरकुती दिसली तर भर गल्लीत त्याचा उद्धार करणार. तिचा एकच कायदा: खड्डा दिसला की भरायचा. पत्र्यावरचा बारीकसा पोचा असला तरी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायची, वाळू द्यायची, ओल्या पॉलिश पेपरनं घासायची, डोळे मिटून बोट फिरवायचं. बोट अडलं तर पुन्हा.

याच कायद्यानं तिचा घात केला.

झालं असं की सरकारनं हुकूम काढला, ठरावीक वयापलीकडच्या सगळ्या दुचाक्या मोडीत. आमच्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही रस्त्यावर बसलो, लाठ्या खाल्ल्या, आणि शेवटी एक फट पाडून घेतली. जी गाडी धुराच्या चाचणीत पास होईल आणि जिच्या सांगाड्यावरचा मूळ नंबर नोंदीशी जुळेल, तिला जगू द्यायचं. नापास झाली की तिथल्या तिथे दाबयंत्रात. सांगाड्याचा नंबर म्हणजे पुढच्या-मागच्या पाटीवरचा नव्हे. कारखान्यात पत्र्यावरच ठोकलेला. या स्कूटरमध्ये तो इंजिनावरच्या झाकणाआड, पत्र्याच्या काठावर असतो. झाकण काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघतही नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी दुकानोदुकानी फिरत होतो. अक्काच्या दुकानात शेजारचा ठोक्या चहा पीत बसला होता. ठोक्या पत्रा ठोकून सरळ करतो, आणि तोंडही तसंच चालवतो.

"अक्का, नंबर बघून ठेवलास?" मी विचारलं.

"माझ्या गाडीचा नंबर मला विचारता? तुमच्या संघटनेत माणसं किती, ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का?"

ठोक्याला चहाचा ठसका लागला. अक्कानं ऐटीत झाकण उचललं, फडक्यानं काठ पुसला आणि बोट फिरवलं. बोट गेलं, परत आलं. पुन्हा गेलं. मग तिनं डोळे मिटले आणि फार सावकाश फिरवलं. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण तिचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

मी वाकून पाहिलं. तिथे नंबर नव्हता. गुळगुळीत, तुकतुकीत पिस्ता रंग होता, आरशासारखा.

"अक्का," ठोक्या हळूच म्हणाला, "तू नंबरसुद्धा बुजवलास?"

ती फडक्यानं तोच काठ पुन्हा पुसायला लागली. ते बघून ठोक्यालाही चैन पडेना. त्यानं कप ठेवला. "हे बघ, माझ्याकडे आकड्यांचे पंच आहेत. नोंदीतला नंबर बघून ठोकून देतो. वर मिठाचं पाणी मारलं की उद्यापर्यंत गंज चढेल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"खऱ्या गाडीवर खोटा नंबर ठोकू?" अक्का भडकली. "मी काय चोर आहे? रंग काढते इथेच. खाली असेल नंबर."

"खबरदार," मी म्हणालो. आता माझं डोकं चालायला लागलं होतं. सरकारी आवारात माझं अर्धं आयुष्य गेलंय. "नेमक्या नंबराच्या जागी ताजं खरवडलेलं दिसलं की ती माणसं एकच म्हणतात, गाडी चोरीची, नंबर बदललाय. मग गाडीही जाईल आणि तूही आत जाशील. काढायचा तर उद्या तिथेच काढ, त्यांच्या डोळ्यांदेखत."

"आणि खाली नंबर नसला तर?"

लांबी भरण्याआधी गंज घासून काढतात. गंजाबरोबर आकडेही घासले गेले असतील तर रंगाखाली कोरा पत्रा निघणार होता, आणि यंत्र चार पावलांवर उभं असणार होतं.

"आठव ना, आधी घासलं होतंस का?"

"आठवत नाही हो!" ती ओरडली. "पहिलंच काम होतं माझं ते. कुणाला आठवतंय!"

तेवढ्यात तिची मुलगी आली. दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर जाते. शांत पोरगी, आईच्या अगदी उलट. सगळं ऐकून ती स्कूटरजवळ बसली.

"आई, कॉफीवाल्याला देऊन टाकूया."

कॉफीवाला म्हणजे चौकातल्या नव्या दुकानाचा मालक. त्याला ही स्कूटर भिंतीवर टांगायची होती, भोवती दिवे सोडून. त्याला ना नंबर हवा होता, ना इंजिन. उलट इंजिन काढलंत तर वजन कमी होईल, असं तो म्हणाला होता. तेव्हा अक्कानं त्याच्यावर थिनरचं फडकं भिरकावलं होतं.

"चेपून डबा होण्यापेक्षा भिंतीवर तरी राहील," पोरगी म्हणाली. "आपल्याला बघता येईल."

"भिंतीवर गेलेल्यांचे फोटो लावतात. ही अजून चालते."

"उद्या नसेल चालत, मग?"

"तू गप्प बस."

"मी गप्पच बसते नेहमी. म्हणून तर या घरात सगळंच बुजतं, नंबरासकट."

अक्कानं तिच्याकडे असं पाहिलं की ठोक्या कप घेऊन उठला, आणि मलाही बाहेर काहीतरी काम आठवलं.

दुसऱ्या सकाळी तपासणीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. स्कूटरच स्कूटर, आणि प्रत्येकीजवळ तिचा धनी, परीक्षेला पोर आणल्यासारखा. पलीकडे दाबयंत्र. नापास गाडी आत गेली की आधी काच फुटल्यासारखा आवाज यायचा, मग पत्रा कण्हायचा, मग धप्प. प्रत्येक धप्पला रांग गप्प व्हायची. एक म्हातारे मास्तर आपल्या स्कूटरचं हँडल तेवढं मागून घेऊन बाहेर चालले होते, काखेत धरून.

अक्काची पाळी आली. तिनं गाडी जरा तिरकी केली, सरळ केली, किक मारली. एका किकेत सुरू. धूर पास. तपासणीच्या बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "छान ठेवलीये हो गाडी." मग वाकून म्हणाल्या, "नंबर दाखवा."

अक्कानं झाकण काढून मुलीच्या हातात दिलं.

"नंबर रंगाखाली आहे, मॅडम. मीच बुजवलाय. चुकून."

भर आवारात, सगळ्या गल्लीसमोर. मागे कुणीतरी खिदळलं. जिनं गल्लीतल्या प्रत्येकाची चूक चव्हाट्यावर मांडली, तिच्या तोंडून 'चुकून' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"रंगाखाली आहे हे मी कशावरून धरू?" बाई शांतपणे म्हणाल्या. "जे दिसत नाही ते मला लिहिता येत नाही. बाजूला घ्या."

बाजूला म्हणजे यंत्राकडे. दोन कामगार पुढे आले आणि एकानं हँडल धरलं. माझं टाळकं फिरलं. मी मधे घुसलो. "हात काढ! कुणाच्या गाडीला हात लावतोस? आम्ही लाठ्या खाल्ल्यात या तपासणीसाठी! एक गाडी हलली तर सगळं आवार बंद पाडीन!" मागून आमच्या पोरांनी घोषणा उचलली. बाईंनी शिपायाकडे पाहिलं, शिपायानं फाटकावरच्या पोलिसाकडे. अजून एक वाक्य बोललो असतो तर तपासणी गुंडाळली असती आणि उरलेल्या सगळ्या गाड्या लोंबकळल्या असत्या.

"नेते," अक्का दात आवळून म्हणाली, "तोंड मिटा. ही माझी गाडी आहे, तुमचा मोर्चा नाही."

मला एवढ्या लोकांत असं कुणी बोललेलं नाही. मिटलं मी तोंड.

अक्का बाईंकडे वळली. "तुमच्या डोळ्यांसमोर रंग काढते. नंबर निघाला तर जुळवून बघा. नाही निघाला तर मी स्वतः ढकलत नेईन यंत्रापर्यंत. कुणी हात लावायचा नाही."

बाईंनी यंत्राकडे पाहिलं. त्याच्यापुढे नापास गाड्यांची ओळ लागली होती. "ती ओळ संपेपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून अगदी जवळ बसल्या.

अक्कानं पिशवीतून रंग काढायचं औषध काढलं, ब्रशनं काठावर लावलं. रंग सुरकुतला, फुगला. लोखंडी पात्याला तिनं हात लावला नाही. पट्टी लाकडाची, कडा घासून पातळ केलेली. पहिला थर सालीसारखा निघाला. खाली पुन्हा पिस्ता.

"हा कधीचा?" बाईंनी विचारलं. संशयानंच विचारलं.

"वरचा, हिला नोकरी लागली तेव्हाचा. पहिल्या दिवशी हिला या गाडीवर सोडलं." अक्का बोलत होती, पण डोळे पत्र्यावर. "हा खालचा दुकान घेतलं तेव्हाचा. त्याआधी मी लोकांची फाटकं रंगवायचे, खाटा, कपाटं. फुटपाथवर बसून."

धप्प. यंत्राची ओळ एकानं कमी झाली.

पुन्हा औषध. खालचा थर लवकर सुटेना. तो जाड होता, ओबडधोबड, ब्रशचे फराटे दिसणारा. अक्काच्या हाताला हे काम शोभत नव्हतं. तिची पट्टी थांबली.

"हा खिडक्यांचा रंग," ती म्हणाली.

"कसल्या खिडक्या?"

"सासरच्या. नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला, गाडी घरीच जिन्याखाली टाकून. तिच्यावर मोडक्या खुर्च्या रचलेल्या. सासू म्हणाली, भंगारवाला येतोय, हीपण देऊन टाकते आणि तूही तुझं बघ. घराच्या खिडक्यांना लावून उरलेली लांबी होती आणि डब्यात पिस्ता रंग. तोच फासला. दुसरा होता कुठे?"

मला कॉफीवाला आठवला. 'काय शेड निवडलीय!' म्हणत तो या रंगाभोवती फिरला होता. मोबाइलमध्ये फोटो काढून नेला होता, दुकानाच्या खुर्च्या त्याच रंगात करायला.

"सगळी दुपारी झोपली की जिन्याखाली जाऊन बसायचे," अक्का मुलीकडे न बघता म्हणाली. "आणि एका दुपारी तुला पुढे फळीवर उभी केली, हँडलला धरून, आणि निघाले. गिअर टाकता येत होता, उतरवता येत नव्हता."

"मला आठवतं," पोरगी म्हणाली. "तू सगळा रस्ता ओरडत होतीस, धरून ठेव, धरून ठेव."

धप्प.

ब्रशचा रंग गेला आणि खाली राखाडी पांढरट काहीतरी लागलं. लांबी. तिच्यावर औषध चालेना. दगड झाली होती. यंत्रापुढे आता मोजक्याच गाड्या होत्या आणि कामगार आमच्याकडे बघत हात झटकत होते. अक्कानं पॉलिश पेपर पाण्यात बुडवला, पण घासेना. हात नुसता हवेत.

"घास ना!" ठोक्या मागून कळवळला.

"जास्त घासलं तर आकडे जातील. आधीच गेले असतील तर..." ती मुलीकडे वळली. "पोरी, मी तेव्हा गंज कशानं काढला होता? तू शेजारी बसायचीस. आठव."

पोरगी झाकण छातीशी धरून उभी होती. तिनं डोळे मिटले, आई बोट फिरवताना मिटते तसे.

"रॉकेलच्या फडक्यानं. वास यायचा हातांना. आजी ओरडायची."

"घासायला काही होतं? कानस? विटेचा तुकडा?"

"काहीच नव्हतं, आई. वाजेल म्हणून तू घासायचीच नाहीस. सगळी झोपलेली असायची ना."

अक्कानं श्वास सोडला. पेपर टेकवला आणि दोन बोटांनी घासायला लागली, जेमतेम दाब देत, मधेमधे पाणी सोडत. लांबीचं पांढरं पाणी फळीवर ओघळायला लागलं. राखाडी पत्रा वर आला. कोरा. अजून थोडा. कोरा. मग पत्र्यात एक पांढरी रेघ दिसली. अक्कानं अंगठ्यानं पुसली. रेघ गेली नाही. तिच्या शेजारी दुसरी. वरची लांबी निघून गेली होती, पण ठोकलेल्या आकड्यांच्या खाचांत बसलेली तशीच होती. काळ्या पाटीवर खडूनं लिहावं तसे आकडे एकेक करून उमटत गेले. इतक्या वर्षांत त्या खाचांत गंजाचा कणसुद्धा शिरला नव्हता.

यंत्राचा आवाज थांबला. ओळ संपली होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. कामगारांना म्हणाल्या की आम्हाला, कळलं नाही. त्यांनी नोंद उघडली, आपल्या बाजूला वळवून धरली, आणि एकेक आकडा बोटाखाली घेऊ लागल्या. शेवटच्या आकड्यापाशी बोट अडलं. तिथे पत्र्यावर चरा पडला होता. इंग्रजी तीन म्हणावं तर तीन, आठ म्हणावं तर आठ.

"हा काय आहे?"

"मला माहीत नाही," अक्का म्हणाली. मला वाटलं, बये, तीन म्हण नाहीतर आठ म्हण, काहीतरी म्हण! पण ती तेवढंच बोलली.

बाईंनी केसांतली पिन काढली. चष्मा कपाळावर सरकवून पत्र्याला नाक लागेल इतक्या वाकल्या आणि त्या खाचेतली लांबी टोकरून काढायला लागल्या. उजव्या बाजूची निघाली, खाच खोल होती. डावीकडे टोकरलं तर पिन घसरली. तिथे ठोकलेलं काही नव्हतंच, वरवरचा ओरखडा होता. त्या सरळ झाल्या, नोंदीकडे पाहिलं, पिन परत केसांत खोचली.

"तीन," त्या म्हणाल्या. "जुळतोय. न्या गाडी."

ठोक्यानं शिट्टी मारली. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि अक्काकडे बघून मिटलं. ती खाली बसली होती, ओल्या जमिनीवर, पाठ चाकाला टेकून. पोरगी वाकून म्हणाली, "ऊठ, बाई मागच्याला बोलावतायत." मग ती उठली.

झाकण बसवता येत नव्हतं. औषध अजून ओलं होतं, आतून चिकटलं असतं. हीच अक्का, मडगार्डावर चिखलाचा थेंब असला तर गल्लीबाहेर गाडी काढत नसे. एक गाल उतरवलेली, इंजिन उघडं, काठाला सोललेल्या रंगाच्या साली लोंबतायत, फळीवर पांढरे ओघळ, आणि मागे झाकण पोटाशी धरून बसलेली पोरगी: अशा अवतारात तिनं ती स्कूटर भर गर्दीच्या रस्त्यावर घातली. मी ठोक्याच्या मागे बसून मागोमाग होतो.

चौकात सिग्नलला थांबलो तर कॉफीवाला दुकानाच्या पायरीवर उभा. धावत आला, सोललेल्या काठाजवळ वाकला, एकाखाली एक आलेले थर बघितले, खडूसारखे आकडे बघितले, आणि त्यानं मोबाइल काढला.

"वा अक्का! काय लुक दिलाय! मुद्दाम केलंत?"

"लुक नाही तो," अक्का म्हणाली. "नंबर आहे. सरका."

सिग्नल सुटला. तिनं गिअर टाकला. मागून पोरगी ओरडली, "आई, धरून ठेव!" आणि दोघी हसत सुटल्या, इतक्या की स्कूटर डुलली आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं शिवी घातली. अक्कानं मान वळवून, चालत्या गाडीवरून, त्याला दुप्पट घातली.